उंबरठ्यावरचे गुरुजन

पेपर उत्तम लिहिणारा विद्यार्थी दुःखी माणसासमोर बसवण्याच्या लायकीचा असतोच, असे नाही. मग त्याला अडवायचे कोणी? एकट्या गुरुजींनी अडवले, तर लोक आकस म्हणणार. म्हणून अमेरिकेत समुपदेशक घडवणाऱ्या विद्यापीठांत हे नकोसे काम अध्यापक मिळून करतात. गंमत अशी की, या रिवाजाला कायद्याचा टेकू मिळाला तो एका वैद्यकीय विद्यार्थिनीच्या खटल्याने.

शार्लट होरोविट्झ १९७१ साली मिसुरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटीतील वैद्यकीय महाविद्यालयात आली. लेखी परीक्षेत हुशार. पण रुग्णांशी तिचे वागणे, अनियमित हजेरी आणि अस्वच्छता यांबद्दल अध्यापकांची कुरकुर सुरू झाली. (स्वच्छतेचा मुद्दा मला खटकतो. पुरुष विद्यार्थ्याची कॉलर कोणी तपासली असती का?) मूल्यमापन मंडळाने ताकीद देऊन तिला पुढे ढकलले. सुधारणा दिसेना, तेव्हा दाद म्हणून तिला सात डॉक्टरांच्या हाताखाली काम करू दिले. दोघे म्हणाले, पदवी द्या. दोघे म्हणाले, आजच काढा. उरलेले तिघे म्हणाले, आत्ता पदवी नको, पण आणखी पाहू या. मला तर हा फाटाफुटीचा कौलच प्रामाणिक वाटतो. सातही जण एका सुरात बोलते, तर मी कान टवकारले असते! अखेर १९७३ साली तिला काढले आणि १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की, अभ्यासातील उणिवेसाठी काढताना रीतसर सुनावणीची सक्ती नाही.

एवढी सत्ता हाती आल्यावर गुरुजनांनी जपून पाऊल टाकायला हवे. २००९ साली ईस्टर्न मिशिगन विद्यापीठातील समुपदेशनाची विद्यार्थिनी ज्यूलिया वॉर्ड हिने, आपल्या धर्मश्रद्धेमुळे, समलिंगी संबंध असलेल्या एका व्यक्तीला दुसऱ्याकडे पाठवण्याची परवानगी मागितली. परवानगी मिळाली, पाठोपाठ समितीपुढे चौकशीही झाली आणि तिला काढले. मदत मागणाऱ्याला दार बंद दिसू नये, ही अध्यापकांची तळमळ मला पटते. पण २०१२ साली अपील न्यायालयाने विचारले, असे पाठवायचे नाही हा नियम आधी कुठे होता? प्रकरण ज्यूरीपुढे जावे, असे त्याने म्हटले. त्याच वर्षी तडजोड झाली. केवळ स्वतःच्या मूल्यांपायी कोणाला दुसरीकडे पाठवू नये, हे समुपदेशकांच्या राष्ट्रीय संघटनेने आचारसंहितेत स्पष्ट लिहिले ते २०१४ साली.