यमाचा दिवा आणि वळसंगची विहीर

धनत्रयोदशीच्या संध्याकाळी कणकेचा दिवा करून त्याची वात दक्षिणेकडे ठेवतात. एरवी दिव्याचे तोंड दक्षिणेला करायचे नाही, असा आपल्या घरांतला दंडक; पण हा दिवा यमाचा. ऐन सणात मरणाची आठवण ठेवणारे आपले पूर्वज मोठे धीराचे म्हटले पाहिजेत! तेव्हा फराळाचे ताट पुढ्यात घेऊन बसलेल्या वाचकांशी जीवाच्या पुढच्या प्रवासाविषयी चार शब्द बोलायला हरकत नसावी.

ऋग्वेदातला यम भिववणारा नाही. मर्त्यांमध्ये पहिला मेला तो यम. त्याने पलीकडची वाट शोधली आणि मागून येणाऱ्यांना दाखवली. त्या लोकी पितर सुखाने नांदतात, एवढीच तेव्हाची कल्पना. जीव पुन्हा परत येतो, हा विचार स्पष्ट झाला तो उपनिषदांत. छांदोग्यात प्रवाहण जैवली नावाचा राजा गौतमाला दोन वाटा सांगतो. देवयानाने गेलेला परतत नाही. पितृयानाने गेलेला चंद्रलोकी पोचतो, पुण्य सरले की पावसाबरोबर खाली उतरतो, धान्यात शिरतो आणि अन्नावाटे पुन्हा जन्माला येतो. कल्पना किती रम्य! परंतु तिथेच पुढे सांगितले आहे, की ज्याचे आचरण वाईट, त्याला कुत्र्याची, डुकराची किंवा चांडाळाची योनी मिळते. माणसाचा जन्म जनावरांच्या पंक्तीला बसवणारे हे वाक्य पुढे माणसांना किती महाग पडले, ते आपण पाहणारच आहोत.

आता सोलापूरहून अक्कलकोटकडे जाणाऱ्या रस्त्याला लागू. मराठी, कानडी, तेलुगू आणि दखनी कानावर पडणारा हा मुलूख. मरणाविषयीही इथे एक बोली नाही. सोलापूरच्या तळ्यातल्या देवळाजवळ बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांची समाधी आहे. त्यांच्या परंपरेतले लिंगायत देह जाळत नाहीत. त्याला बसवून, डाव्या तळहातावर इष्टलिंग ठेवून पुरतात. जीव कुठे जात नाही, तो लिंगात मिळतो; म्हणून मरण न म्हणता ‘ऐक्य’ म्हणायचे. सुतक आणि श्राद्ध मूळ शरणांच्या विचारात बसतच नाही.

शेजारचा मुसलमान आपल्या माणसाचे तोंड किब्ल्याकडे, म्हणजे आपल्याकडे पश्चिमेला, करून त्याला मातीत ठेवतो. मुनकर आणि नकीर हे फिरिस्ते कबरीत त्याला श्रद्धेविषयी विचारतात. मग कयामतपर्यंत वाट पाहायची. मात्र अवलियाच्या पुण्यतिथीला उरूस भरतो, आणि उरूस या शब्दाचा मुळातला अर्थ लग्न! जीव आणि परमेश्वर यांचे ते मीलन.

जैनांच्या मते आत्मा क्षणात दुसरा देह धरतो, त्यामुळे पिंडाची वाट पाहणारा मागे कोणी उरतच नाही. आपल्या दिवाळीच्या अमावास्येला त्यांच्याकडे महावीरांच्या निर्वाणाचे दिवे लागतात. कुंथलगिरीवर 1955 साली आचार्य शांतिसागरांनी सल्लेखना घेऊन शांतपणे देह ठेवला, तो याच श्रद्धेच्या बळावर.

मरणापलीकडे असे नाना मार्ग; पण मरणाअलीकडे, याच रस्त्यावरच्या वळसंगात, पाण्याचे मार्ग मात्र जन्मावर ठरत होते. तर्पणात आपण ब्रह्मदेवापासून गवताच्या काडीपर्यंत सर्वांना पाणी देतो. ज्यांना कोणी नाही त्यांनाही. मेलेल्याची जात तिथे कोणी विचारत नाही. जिवंत तहानेल्याची मात्र विचारली जाई, आणि मागल्या जन्मीचे पाप म्हणून त्याची समजूत काढली जाई. महाडचा सत्याग्रह 1927 चा. त्यानंतर दहा वर्षांनी, 1937 साली, वळसंगच्या अस्पृश्य मानलेल्या वस्तीने स्वतःच्या कष्टाने खोदलेली विहीर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या हस्ते खुली झाली. मागल्या जन्माचा हिशेब त्या लोकांनी या जन्मीच्या कुदळीने पुसला!

संतांना हा विसंवाद दिसला नव्हता असे नाही. पैठणच्या एकनाथांनी श्राद्धाचे अन्न दाराशी आलेल्या भुकेल्या अंत्यजांना वाढले आणि पितर तृप्त होऊन प्रत्यक्ष जेवायला आले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. कथेचा चमत्कार बाजूला ठेवला तरी तिचा निवाडा उरतोच.

बाबासाहेबांनी 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात धम्मदीक्षा दिली, तेव्हाच्या बावीस प्रतिज्ञांत श्राद्ध आणि पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा होती. बुद्धाच्या मते अविनाशी आत्मा नाहीच. मग पुढे जाते ते काय? मिलिंद राजाने हेच विचारले, तेव्हा नागसेनांनी दिव्यावरून लावलेल्या दिव्याचा दाखला दिला. पहिल्या दिव्यातून उचलून काही नेले नाही, तरी दुसरा पेटला तो पहिल्यामुळेच.

जीव ऐक्य पावतो, की कयामतची वाट पाहतो, की नवा देह घेतो, याचा निकाल इथे बसून लागणार नाही. ज्याने त्याने आपल्या घरची श्रद्धा जपावी. पण परलोकाविषयीच्या ज्या समजुतीने इहलोकीच्या माणसाचे पाणी तुटते, ती कितीही जुनी असली तरी तपासून घेतलीच पाहिजे. पितरांना द्यायची ओंजळ आधी दारच्या तहानेल्याला मिळाली, तर कोणत्याही धर्माचे पितर रागावतील असे वाटत नाही.