मोलकरीण नव्हे, नात

स्कॉटलंडच्या स्कोन पॅलेसमध्ये दोन तरुणींचं एक चित्र आहे. गोरी एलिझाबेथ मरे. शेजारी डोक्याला पागोटं, हातात फळं घेतलेली काळी मुलगी. तिला बरीच वर्षं मोलकरीणच समजत होते.

तिचं नाव डिडो बेल. बाप्तिस्म्याची नोंद 1766 ची, लंडनची. आई मराया गुलाम, वडील नौदलातले जॉन लिंडसे, म्हणजे सरन्यायाधीश लॉर्ड मॅन्सफिल्डचे भाचे. एलिझाबेथ त्यांच्या पुतण्याची मुलगी. इंग्रजीत दोघेही ‘नेफ्यू’, म्हणून माझा गोंधळ व्हायचा. शेवटी कागदावर वंशवृक्ष मराठीत काढला. दोघीही नातीच की!

तरी मॅन्सफिल्डना मृत्युपत्रात डिडोबद्दल वेगळं लिहावं लागलं: ती स्वतंत्र आहे. एलिझाबेथसाठी असं वाक्य लागलं नाही.