अमली पदार्थांचे सूत्रधार आणि कायद्याचा पाठलाग

मेफेड्रोन अर्थात 'एमडी' हा रासायनिक अमली पदार्थ. तो शेतात पिकत नाही, कारखान्यात तयार होतो. त्यामुळे पुडी विकणारा सापडला तरी कारखाना आणि त्यामागील सूत्रधार मोकळाच राहतो. या सूत्रधारांपर्यंत पोहोचण्याच्या प्रयत्नांचा हा आढावा.

ललित पाटील प्रकरण

चाकण येथील एमडी प्रकरणात पिंपरी-चिंचवड पोलिसांनी २०२० मध्ये ललित पाटील याला अटक केली. येरवडा कारागृहातील हा आरोपी उपचारांसाठी पुण्याच्या ससून रुग्णालयात दाखल होता. ३० सप्टेंबर २०२३ रोजी रुग्णालयाच्या आवाराबाहेर सुमारे दोन कोटी रुपयांचे एमडी पकडले गेले आणि २ ऑक्टोबरला पाटील पळाला. त्याच महिन्यात मुंबईच्या साकीनाका पोलिसांनी नाशिकजवळील शिंदे गावातील कारखाना उद्ध्वस्त केला. पुणे पोलिसांनी पाटीलच्या भावाला उत्तर प्रदेशात, तर मुंबई पोलिसांनी पाटीलला दक्षिण भारतात पकडले. बंदोबस्तावरील पोलीस निलंबित झाले, ससूनच्या अधिष्ठात्यांना पद सोडावे लागले. कोठडीतूनच धंदा चालत असेल तर अटकेला अर्थ काय, हा प्रश्न मात्र उरला.

गावापर्यंत पोहोचलेले लोण

शिंदे गाव ज्या पुणे-नाशिक महामार्गावर आहे, तोच मार्ग पुढे येडगावशेजारच्या नारायणगावातून आणि मंचरमधून जातो. ग्रामीण भाग या धंद्यापासून दूर आहे, हा समज आता टिकणारा नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी दौंड तालुक्यातील कुरकुंभसह पुणे व दिल्लीतून १,७०० किलोहून अधिक एमडी जप्त केले. मार्च २०२४ मध्ये सांगली जिल्ह्यातील इरळी गावात कारखाना सापडला.

परदेशातील आरोपी

सांगलीचा कारखाना परदेशातून चालवल्याचा आरोप असलेल्या कुब्बावाला मुस्तफा याला ११ जुलै २०२५ रोजी संयुक्त अरब अमिरातीतून मुंबईत आणण्यात आले. त्यासाठी सीबीआयमार्फत इंटरपोलची रेड नोटीस काढण्यात आली होती. ही नोटीस म्हणजे अटक वॉरंट नव्हे. अटक करायची की नाही, हे त्या-त्या देशाच्या कायद्यावर ठरते. म्हणूनच दाऊद इब्राहिमला अमेरिकेने २००६ मध्ये अमली पदार्थांचा मोठा तस्कर घोषित करूनही तो हाती लागला नाही. इक्बाल मिर्चीचे प्रत्यार्पण ब्रिटनमधून होऊ शकले नाही. २०१३ मध्ये लंडनमध्येच त्याचा मृत्यू झाला.

कायद्याची हत्यारे

* एनडीपीएस कायदा, १९८५ : मेफेड्रोनचे ५० ग्रॅम हे व्यापारी प्रमाण. त्याहून अधिक साठ्यासाठी १० ते २० वर्षे सक्तमजुरी; जामिनाच्या अटी कडक.
* कलम २७-अ : पैसा पुरवणाऱ्यालाही तितकीच शिक्षा.
* मालमत्ता : तस्करीतून मिळवलेली मालमत्ता गोठवून जप्त करता येते.
* १९८८ चा कायदा : तस्करी रोखण्यासाठी प्रतिबंधात्मक स्थानबद्धता.
* मोक्का : जुलै २०२५ मध्ये विधिमंडळाने दुरुस्ती करून अमली पदार्थांचे गुन्हे त्याच्या कक्षेत आणले.

सूत्रधार पकडला तरी रसायनांचा पुरवठा आणि पैशाचा माग तुटला नाही, तर त्याची जागा दुसरा घेतो. न्यायालयात गुन्हा सिद्ध होईपर्यंत हा पाठलाग अपुराच ठरतो.