सेतुबंधाच्या दोन परीक्षांची कुळकथा

भालकी, औराद, बसवकल्याणकडच्या मराठी शाळांत वर्ष उघडलं की लगेच नवा धडा लागत नाही. आधी सेतुबंध. कर्नाटकाच्या शाळांचा हा रिवाज: सुरुवातीला नैदानिक परीक्षा, मग मागच्या इयत्तेची उजळणी, शेवटी साफल्य परीक्षा. गुरुजींच्या तक्त्यात एकेका मुलापुढे दोन गुण येतात. त्यांची वजाबाकी करून उजळणीचा उपयोग झाला का हे ठरवायचं. बी.एड.च्या कृतिसंशोधनात याच वजाबाक्यांवर टी-चाचणी लावतात; टी जितका मोठा, तितका फरक निव्वळ योगायोगाचा असण्याची शक्यता कमी.

या हिशेबाचं मूळ मात्र शाळेत नाही, अमेरिकेतल्या कलामझूच्या वेड्यांच्या इस्पितळात आहे. कुश्नी आणि पीबल्स या संशोधकांनी झोपेच्या औषधांचा तिथला प्रयोग 1905 मध्ये छापला. तीच आकडेवारी डब्लिनच्या गिनेस दारूभट्टीत नोकरीला असलेल्या विल्यम गॉसेटने उचलली. कंपनी नोकरांना स्वतःच्या नावाने छापू देत नसे, म्हणून टी-चाचणीचा पाया घालणारा 1908 चा त्याचा लेख ‘स्टुडंट’ या नावाने आला. (औषधांची नावं त्याने चुकीची उतरवली, आणि संख्याशास्त्रज्ञ फिशरच्या 1925 च्या पुस्तकात तीच चूक पुन्हा छापली गेली. आकडे मात्र बरोबर होते.)

रोगी दहा. पहिल्या औषधाने झोप सरासरी 0.75 तास वाढली, दुसऱ्याने 2.33 तास. हे दहा-दहा वेगळेच रोगी आहेत असं धरून हिशेब केला तर टी येतो 1.86, म्हणजे फरक योगायोगाचाही असू शकेल. कारण कुणाची झोप कुठल्याही औषधाने तीन तासांहून जास्त वाढते, कुणाची हलतच नाही, आणि या गोंधळात औषधांतला फरक बुडून जातो. पण प्रत्येक रोग्याची तुलना त्याच्याशीच केली की टी थेट 4.06! आकडे तेच, फक्त माणसामाणसांतला फरक वजा झाला. हुशार मूल आणि कच्चं मूल एकाच तक्त्यात बसवता येतं ते याच बळावर.

भारतात ही रीत शेतीच्या प्रयोगांतून रुळली. विनायक पानसे आणि पांडुरंग सुखात्मे या दोन मराठी संख्याशास्त्रज्ञांचं 1954 चं पुस्तक कृषिसंशोधकांच्या हाती पडलं.

शाळेने मात्र या रीतीतलं अर्धंच घेतलं, असं मला वाटतं. गॉसेटच्या तक्त्यात प्रत्येकाला दोन औषधं होती, बिनऔषधाच्या रात्रीही मोजलेल्या होत्या. सेतुबंधात फक्त आधी आणि नंतर. मधल्या दिवसांत सुट्टीचा गंज आपोआपही उतरतो, आणि दुसऱ्यांदा पेपर सोडवताना हात बसलेला असतो. सर्वांत कमी गुणांचीच मुलं निवडली तर भानगड आणखी वाढते: त्यातल्या काहींचा त्या दिवशी पेपर नुसताच बिघडलेला असतो, त्यांचे गुण काही न शिकवताही वर येतात. टी कितीही मोठा आला तरी ही वाढ उजळणीची की दिवसांची, हे तो सांगत नाही. त्यासाठी दोन तुकड्यांपैकी एकीची उजळणी आधी घ्यायची, दुसरीची नंतर, आणि पहिल्या टप्प्यातल्या दोघींच्या वाढीची तुलना करायची. अडचण एवढीच की सेतुबंध सगळ्या तुकड्यांनी एकदमच करायचा असतो.