निळ्या पेशी आणि अकरावं गुणसूत्र

संताजी महाराजांच्या समाधीला सुदुंबऱ्यात आलेले पाहुणे आमच्या ओट्यावर टेकले की विचारतात, मुंबईच्या दवाखान्यात तू नक्की काय करायचास? मी पॅथॉलॉजीत मायक्रोटोम चालवायचो. मेणाच्या ठोकळ्यातल्या मांसाचा चार मायक्रॉनचा पापुद्रा कापायचा, कोमट पाण्यावर सोडायचा आणि अलगद काचेवर घ्यायचा.

पोरांच्या मूत्रपिंडातली गाठ बऱ्याचदा आंघोळ घालताना आईच्या हाताला लागते. पोर हसतंखेळतं असतं. आमच्याकडे अख्खं मूत्रपिंड यायचं. आधी वजन, मग वरून शाई, मगच सुरी. गाठ आवरण फोडून बाहेर पडली का, हे पुढे काचेवर त्या शाईवरूनच कळतं. रंगवल्यावर दाटीवाटीच्या निळ्या पेशी दिसतात, मध्येच अर्धवट नळ्या, मध्येच नुसते तंतू. मूत्रपिंड घडता घडता अडकलंय, हे माझ्यासारख्या तंत्रज्ञालाही कळायचं.

या सरमिसळ गाठींवर जर्मन सर्जन माक्स विल्म्स यांनी 1899 साली ग्रंथ लिहिला, म्हणून ही विल्म्सची गाठ. एका फ्रेंच युद्धकैद्यावर शस्त्रक्रिया करताना घटसर्प जडून ते 1918 मध्ये गेले. आपल्याकडे परळला टाटा मेमोरियल हे कॅन्सरचं रुग्णालय 1941 साली उघडलं आणि तिथल्या प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत खानोलकरांकडे आली. तेव्हाही निदानाची सगळी भिस्त काचेवरच.

पुढचा शोध लागला तो डोळ्यांवरून. रॉबर्ट मिलर आणि सहकाऱ्यांनी 1964 साली या गाठीच्या 440 रुग्णांची माहिती छापली; त्यातल्या सहा मुलांच्या डोळ्यांत बुबुळाचा रंगीत पडदाच नव्हता. एरवी असं मूल हजारोंत एकही सापडायचं नाही. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस कळलं, की अशा मुलांच्या अकराव्या गुणसूत्राच्या आखूड भुजेचा तुकडा गळालेला असतो. 1990 मध्ये तिथेच डब्ल्यूटी-1 हे जनुक सापडलं. डोळा घडवणारं पॅक्स-6 त्याच्या शेजारीच, म्हणून तुकडा गेला की दोन्ही जातात. कागदपत्रं चाळून एवढं हाती लागावं, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

पण बहुतेक गाठींत डब्ल्यूटी-1 शाबूतच असतं, त्यामुळे आमच्या टेबलावर त्याने फारसा फरक पडला नाही. फरक पाडला तो आयएनआय-1 हे प्रथिन दाखवणाऱ्या तपकिरी रंगाने. रॅब्डॉइड नावाची दुष्ट गाठ पूर्वी विल्म्समध्येच मोजली जाई. तिच्यात बाविसाव्या गुणसूत्रावरचं, याच प्रथिनाचं जनुक निकामी झालेलं असतं, हे 1998 साली कळलं. आता रक्तवाहिन्यांची केंद्रकं तपकिरी आणि गाठीची कोरी दिसली, की संशय तिच्यावरच. उपचार वेगळे, आशाही कमी.

आता काचेच्या जोडीला गाठीतली जनुकंही तपासतात, पण फॉर्मलिनने पेशींतल्या आरएनएची वाट लागते. म्हणून मूत्रपिंड ताजंच मागवून गाठीचा थोडा तुकडा आधी गोठवतात, उरलेलं फॉर्मलिनमध्ये. पहिल्या गुणसूत्राची लांब भुजा जादा झाली आहे का, हेही तपासता येतं. ती जादा असली तर गाठ उलटण्याचा धोका वाढतो, आणि औषधं किती कडक द्यायची हे ठरवताना डॉक्टर तेही लक्षात घेतात.