वाटणीत न आलेली पद्मिनी



2023 च्या जुलैत आमच्या सोसायटीने जिन्याखालच्या फळ्यावर सूचना लावली, ‘वापरात नसलेली वाहने तीन महिन्यांत हलवावीत.’ नाव कोणाचंच लिहिलं नव्हतं, पण लिहायची गरजही नव्हती. कोपऱ्यात राखाडी कव्हराखाली बारा वर्षं उभी असलेली गाडी एकच होती, आणि ती आमची होती.

गाडी 1981 ची प्रीमियर पद्मिनी. घरात आम्ही तिला फियाटच म्हणायचो. मामंजींनी ती नंबर लावून, वर्षानुवर्षं वाट पाहून घेतली. त्यांचं भुसार मालाचं दुकान होतं आणि हिशेब रक्तात होता. पेट्रोल भरलं की तारीख, लिटर, किलोमीटर असं वहीत टिपायचे. 2009 मध्ये मामंजी गेले. नंतर आमचे हे आणि धाकटे भाऊजी यांच्यात वाटणी झाली. घर, दुकान, दागिने, अगदी पितळेचे हंडेसुद्धा कागदावर चढले. गाडी मात्र कोणाच्याच बाजूला लिहिली गेली नाही. दोघांनाही ती हवी होती, आणि दोघांनीही तसं तोंडाने म्हटलं नाही. वाटणीनंतर भाऊजी सोलापूरला गेले. जाताना गाडीची किल्ली आणि आरसी बुक त्यांच्याकडेच राहिलं. 2011 मध्ये नोंदणीची मुदत संपली आणि गाडी जागेवर थांबली. दिवाळीला फोन व्हायचे, पण बोलणं तब्येतीवरून पुढे जात नसे.

सूचना वाचून मी भंगारवाल्याला बोलावलं. मी कॉमर्स शिकलेली बाई. माझ्या मते हा साधा घसाऱ्याचा प्रश्न होता. भंगारवाल्याने पहिल्याच वाक्यात मला जमिनीवर आणलं. “मॅडम, मालक कोण? सही कोणाची?” मालक जाऊन चौदा वर्षं झालेली. गाडी मृत माणसाच्या नावावर असेल तर ती वारसाच्या नावावर करून घ्यावी लागते. त्यासाठी 31 नंबरचा अर्ज असतो, आणि बाकीच्या वारसांची संमती लागते. म्हणजे गाडी विकायची असो, मोडायची असो की चालवायची, भाऊजींच्या सहीशिवाय काहीच होणार नव्हतं. दोन भावांनी बारा वर्षं टाळलेली गोष्ट सोसायटीच्या एका कागदाने समोर आणून ठेवली.

“निदान चाकं तरी फिरू देत, ढकलून बाजूला ठेवू,” असं हे म्हणाले. म्हणून सप्टेंबरच्या सुरुवातीला एका जुन्या मिस्त्रींना बोलावलं. किल्ली नव्हतीच. त्यांनी आपल्या युक्तीने बॉनेट उघडलं आणि आधी पंखा हाताने थोडा हलवून पाहिला. तो हलला. “मावशी, इंजिन जाम नाहीये. ही भंगारात घालायची गाडी नाही.” मग त्यांनी एअर फिल्टरचं झाकण काढलं आणि तसेच थांबले. आत कागदाच्या चिंध्या, सीटमधला काथ्या, आणि त्यात उंदराची गुलाबी, डोळेही न उघडलेली पिल्लं.

मिस्त्रींनी फडकं उचललं. मी म्हटलं, “झाकण लावा. पिल्लं मोठी होऊन निघून जाईपर्यंत काम बंद.” उंदराची पिल्लं साधारण तीन आठवड्यांत आपली आपण फिरू लागतात. मिस्त्री हसले. “म्हणजे उंदरांना बाळंतपणाची रजा, आणि मला?” मी त्यांना त्या दिवसाची मजुरी दिली. सोसायटीच्या सेक्रेटरींनाही कारण सांगितलं. तेही हसले, पण मुदत वाढवून दिली.

तीन आठवडे हातात काम नव्हतं, म्हणून ही गाडी मुळात आली कुठून ते वाचायला घेतलं. आणि वाचता वाचता मी सोलापूरलाच जाऊन पोहोचले, म्हणजे माझ्या माहेरी.

प्रीमियर ऑटोमोबाइल्सचे संस्थापक शेठ वालचंद हिराचंद दोशी हे 1882 साली सोलापुरात दिगंबर जैन घरात जन्मले. त्यांचं नाव आम्ही लहानपणापासून ऐकलेलं, पण कुठल्यातरी फोटोला घातलेल्या हारासारखं. ते मुंबईत शिकले आणि काही काळ आपल्या येरवड्याच्या डेक्कन कॉलेजातही होते. पदवी मात्र त्यांनी घेतली नाही. घरच्या पेढीत मन रमेना, तेव्हा लक्ष्मणराव फाटक यांच्या भागीत त्यांनी रेल्वेची कंत्राटं घेतली. तिथून पुढे बांधकाम, जहाजं, विमानं, साखर, मोटारी.

त्यांचं जहाजाचं प्रकरण मला फार आवडलं. पहिलं महायुद्ध संपलं तेव्हा ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांचं ‘लॉयल्टी’ नावाचं जहाज विकायला निघालं होतं. ते नवं नव्हतं. 1891 सालचं, आधी दुसऱ्याच नावाने समुद्रावर फिरलेलं आणि युद्धात रुग्णालय म्हणून वापरलेलं. वालचंदशेठ आणि नरोत्तम मोरारजी यांच्या सिंदिया कंपनीने तेच घेतलं. 5 एप्रिल 1919 रोजी ते मुंबईहून लंडनला निघालं. हाच दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतात. भारतीय मालकीच्या आधुनिक जहाजवाहतुकीची सुरुवात म्हणून जे सांगतात, ते एका जुन्या, दुरुस्त करून घेतलेल्या जहाजावर झालेलं आहे.

मोटारींची गोष्ट मात्र अडकून पडली. 1940 मध्ये त्यांनी अमेरिकेच्या क्रायसलर कंपनीशी करार केला. पण युद्ध सुरू होतं, आणि हिंदुस्थानात मोटारीचा कारखाना निघावा अशी इंग्रज सरकारची इच्छा नव्हती. यंत्रं आणायला परवानगी मिळेना. करार हातात आणि कारखाना कागदावर, अशी वर्षं गेली. 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनी स्थापन झाली. कुर्ल्याच्या कारखान्यातून पहिल्या गाड्या बाहेर पडायला 1947 उजाडलं. आधी डॉज, प्लिमथ, डिसोटो अशी अमेरिकी नावं होती. पन्नासच्या दशकाच्या आरंभी इटलीच्या फियाटशी करार झाला आणि लहान, कमी पेट्रोल पिणारी गाडी आली. ही गाडी मध्यमवर्गाच्या घरोघर पोहोचलेली वालचंदशेठांनी पाहिली नाही. एप्रिल 1953 मध्ये त्यांचं निधन झालं.

पुढचं आपल्यापैकी अनेकींनी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. 1964 ला फियाट अकराशे डिलाइट आली. फियाटचा करार संपल्यावर तीच गाडी आधी प्रीमियर प्रेसिडेंट आणि 1974 पासून चितोडच्या राणीच्या नावाने पद्मिनी झाली. चार सिलिंडर, 1089 सीसी, गिअरचा दांडा स्टिअरिंगला. गाड्या कमी आणि मागणारे जास्त, त्यामुळे वर्षानुवर्षांची प्रतीक्षायादी. डिसेंबर 1983 मध्ये मारुती आली आणि चित्र पालटलं. तरीही पद्मिनी जवळजवळ 2000 सालापर्यंत निघत राहिली, मुख्यतः मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीसाठी.

वाचन इथपर्यंत आलं तोवर दशलक्षण पर्व संपलं आणि क्षमावाणीचा दिवस आला. दरवर्षी मी ‘उत्तम क्षमा’चा तयार संदेश सगळ्यांना पाठवते, भाऊजींनाही. त्यांचाही येतो, हात जोडलेल्या चित्रासकट. या वर्षी तो पाठवताना बोट थांबलं. मी सरळ फोन लावला. काय बोलायचं ते ठरवलेलं नव्हतं. म्हटलं, “भाऊजी, गाडीचं त्या वेळी कोणी बोललं नाही, त्यात मीही होते. हिशेबाचा कागद माझ्या हातचा होता. मला आठवण होती, तरी ती ओळ मी लिहिली नाही.” पलीकडे बराच वेळ शांतता. मग ते म्हणाले, “वहिनी, किल्ली मी मुद्दाम नेली होती.” आणि थोड्या वेळाने, “पिल्लं गेली का?” म्हणजे आमच्या चिरंजीवांनी काकांना आधीच सगळं सांगितलेलं होतं!

पुढच्या रविवारी भाऊजी आरसी बुक आणि किल्ली घेऊन आले. दोघे भाऊ पार्किंगमध्ये मिस्त्रींच्या शेजारी स्टुलांवर बसले. मी चहा नेऊन देत होते आणि पाहत होते.

बराच काळ उभी असलेली गाडी किल्ली फिरवून चालू करायची नसते, हे पहिलं शिकले. सिलिंडरच्या आतलं तेल उतरून गेलेलं असतं, कोरड्या धातूवर धातू घासतो. मिस्त्रींनी चारही प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडलं आणि दोन दिवस तसंच मुरू दिलं. मग प्लग न लावताच गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकून हळूहळू ढकलली. आतून सुस्कारा टाकल्यासारखा आवाज आला. टाकीतलं पेट्रोल काढलं तर त्याला जुन्या व्हार्निशचा वास. त्याचाच चिकट थर कार्बोरेटरच्या बारीक छिद्रांत बसलेला. पंपातला रबरी पडदा कडक झालेला. पेट्रोलच्या सगळ्या रबरी नळ्या बदलल्या, कारण आता पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि ते जुनं रबर खातं. पॉइंट पॉलिश पेपरने घासले, बॅटरी नवी घेतली, रेडिएटरमधून गंजाचं लाल पाणी वाहून गेलं.

पण सगळ्यात जास्त दिवस ब्रेकने घेतले. हँडब्रेक ओढून गाडी ठेवलेली, त्यामुळे मागचे लायनर ड्रमलाच चिकटून बसलेले. ब्रेकचं तेल हवेतला ओलावा शोषतं, म्हणून आतले सिलिंडर गंजलेले. भाऊजींना इंजिनाची घाई होती. मिस्त्री ऐकेनात. “आधी थांबायची सोय, मग निघायची.” टायर वरून छान दिसत होते, पण कडेला चिरा होत्या, तेही बदलले. सुटे भाग नाना पेठेत दोन फेऱ्या मारून मिळाले.

महिनाअखेरीस इंजिन चालू झालं. आधी खोकलं, पांढरा धूर झाला, बंद पडलं, पुन्हा चालू झालं आणि मग चालूच राहिलं. भाऊजींनी यांचा दंड घट्ट धरला होता. त्याच सुमारास बातमी आली: मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 ला नोंदलेली होती, आणि टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्याने तीही आता रस्त्यावरून गेली. आमची मात्र नेमकी तेव्हाच आवारात दोन फेऱ्या मारून आली.

कागदांना मात्र इंजिनापेक्षा जास्त वेळ लागला. वारसाचा अर्ज, संमतीपत्र, विमा, तपासणी, पर्यावरण कर, नूतनीकरणाचे पाच हजार, उशिराचा दंड वेगळा. नाव भाऊजींचं लावलं. ते यांनीच सुचवलं. गाडी आमच्या पार्किंगमध्ये राहते आणि दर रविवारी अर्धा तास चालते. घसाऱ्याच्या घटत्या बाकीच्या पद्धतीत किंमत दरवर्षी कमी होते, पण कधीच शून्य होत नाही, असं बी.कॉम.ला शिकवलं होतं. मामंजींच्या वहीत मी शेवटच्या नोंदीखाली नवी तारीख आणि लिटर लिहिले, तेव्हा ते आठवलं.

एक प्रश्न मला अजून टोचतो. ही सगळी धडपड परिग्रहच नाही का? उमास्वामी आचार्यांनी परिग्रहाची व्याख्या वस्तूवरून नाही, वस्तूवरच्या आसक्तीवरून केली आहे. त्या मापाने पाहिलं, तर गाडी कव्हराखाली निपचित उभी होती तेव्हाच आमचा परिग्रह सगळ्यात मोठा होता. कोणी वापरत नव्हतं, आणि कोणी सोडतही नव्हतं. आता ती चालते म्हणून आसक्ती संपली असं मी म्हणणार नाही. पण उद्या भाऊजी ती घेऊन गेले, तर कागदावरची ती ओळ मी स्वतः लिहीन, एवढं ठरवलं आहे.

कागद हातात आल्यावर पहिली फेरी डेक्कन कॉलेजपर्यंत मारली. ते कॉलेजही 1934 मध्ये बंद पडलं होतं. माजी विद्यार्थ्यांनी चिकाटीने लढून 1939 मध्ये ते संशोधन संस्था म्हणून पुन्हा सुरू करवून घेतलं. फाटकाजवळ पाच मिनिटं थांबलो. भाऊजी चालवत होते, हे शेजारी, मी मागे. सूर्यास्ताआधी जेवायचं होतं, म्हणून लगेच वळलो. वळताना हे म्हणाले, “दुसरा गिअर टाक, बाबा ओरडायचे.” भाऊजींनी टाकला.

उत्तम क्षमा.