पाण्याची पाळ आणि पाण्याचे दार

गोंदिया हा तलावांचा जिल्हा. १ मे १९९९ रोजी तो भंडाऱ्यापासून वेगळा झाला. त्याचे तलाव मात्र फार जुने. नवेगावबांधचा तलाव कोहळी समाजातील कोलू पाटलांनी अठराव्या शतकाच्या आरंभी बांधविला, अशी परंपरा सांगतात. तो पाहावयास गेलेले आम्ही पाळीचे कौतुक करतो. धानाची रोवणी करणाऱ्याची नजर मात्र पाळीतल्या तुडुमाकडे असते. अडविलेले पाणी वेळेवर बांधीत सोडता आले नाही, तर ते असून नसल्यासारखेच. सजीवाच्या पेशीचीही हीच गोष्ट आहे, आणि ती उमगावयास शास्त्रज्ञांना जवळजवळ अडीचशे वर्षे लागली.

१७४८ साली फ्रान्समध्ये नोले यांनी मद्यार्काच्या भांड्याला प्राण्याच्या मूत्राशयाचे कातडे बांधून ते पाण्यात ठेवले. पाणी आत शिरून कातडे फुगले. पुढे पेशीचे पटल तेलकट असल्याचे कळले, तेव्हा पेच पडला. तेलकट थरातून पाणी झिरपते, पण सावकाश. तांबड्या रक्तपेशीत तर ते झपाट्याने शिरते. १९७० मध्ये मेसी व फार्मर यांना दिसले की, पाऱ्याचे एक संयुग हा वेग रोखते. ते संयुग प्रथिनांना बिलगणारे. म्हणजे पाण्याची वाट प्रथिनाची असावी. १९८६ मध्ये रुमानियातील बेंगा यांनी त्या प्रथिनाचा मागही काढला.

अमेरिकेतील पीटर ॲग्री रक्तगटाचे प्रथिन शोधीत होते. त्यात त्यांना एक अनोळखी प्रथिन सापडले. १९९२ साली त्यांनी ते बेडकाच्या अंड्यांत तयार करविले व ती अंडी साध्या पाण्यात सोडली. ती फुगून फुटली. शेजारची साधी अंडी तशीच राहिली. या द्वाराचे नाव ‘ॲक्वापोरिन’. त्यातून पाण्याचे कण एकामागून एक जातात, एका सेकंदात अब्जावधी. आम्लाचा भार वाहणारा हायड्रोजनचा कण मात्र अडविला जातो. २००३ चे रसायनशास्त्राचे नोबेल ॲग्री व मॅकिनन यांना विभागून मिळाले.

द्वार सापडले, पण त्यावर हुकूम कोणाचा? आपली मूत्रपिंडे दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यातले बहुतेक पाणी सदा उघड्या द्वारांतून परत येते. उरलेल्याचा निर्णय मेंदूतून येणारे संप्रेरक करते. वैशाखात घामाने अंग सुकले की हुकूम सुटतो आणि पेशीच्या आत राखून ठेवलेली द्वारे पटलावर बसतात. भरपूर पाणी प्यालो की ती आत ओढली जातात. हे द्वार १९९३ मध्ये जपानात ओळखले गेले. ते जन्मतःच बिघडलेले असेल, तर माणसाला दिवसाला दहा लिटरांहूनही अधिक लघवी होऊ शकते.

वनस्पतींतही हा बंदोबस्त आहे. मोहरीच्या कुळातील एका रोपावर २००३ मध्ये दिसले की, पाणी तुंबून मुळांना प्राणवायू मिळेनासा झाला की पेशीतील आम्लता वाढते आणि द्वारे मिटतात. पाण्यात उभे पीक मान टाकते, त्याचे हे एक कारण.

१९५१ मध्ये मालगुजारी संपली आणि तलाव सरकारकडे गेले. मालकीचा जुना अन्याय सरला, हे योग्यच झाले. पण पाळ राखणे, गाळ काढणे, तुडूम वेळेवर उघडणे ही रोजची कामे अनेक गावी कोणाचीच उरली नाहीत, आणि कितीतरी तलाव गाळाने भरले. पेशी जगते, कारण तिच्या दाराला गरज ओळखून हलविणारा कोणी आहे. आमच्या तलावांच्या दाराशी आज कोण उभा आहे, हे आम्ही गावोगाव विचारावयास हवे.